कानावर हात, खिशात जाहिरात

गड्ड्याच्या यात्रेत पाळणा लावायचा तर परवान्यासाठी खेटे घालावे लागतात. तुम्ही नवी पेठेतल्या दहा बाय दहाच्या गाळ्यातून अख्ख्या सोलापूरला डीजेची गाणी फुकट वाटणारं ॲप काढताय. तुम्हाला भांडवल एकच लागतं, अज्ञान. फक्त ते जपा. सोलापुरी चादरीसारखा त्याचा रंग पक्का नसतो, एका ईमेलात उतरतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ तुम्हाला आडोसा देतं: माल लोकांचा, तुम्ही नुसता रस्ता. एखादा वकील कलम ८१ च्या परंतुकावर बोट ठेवेल, कॉपीराइटपुढे हा आडोसा टिकत नाही म्हणेल. घाबरू नका. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात मायस्पेस या समाजमाध्यमाला हेच ऐकावं लागलं होतं, पण २०१६ च्या डिसेंबरात खंडपीठाने ते फिरवलं. चोरीची गाणी असतील बुवा कुठेतरी, इतकं मोघम माहीत असून भागत नाही. कोणतं गाणं, कुठे, हे नेमकं कळलेलं असावं लागतं.

तेव्हा नेमकं काही कळूच देऊ नका. याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव ठळक लावावं लागतं, नाहीतर आडोसाच जातो. मेहुण्याचं लावा. तो ईमेल बघत नाही.

तरी एखादी कंपनी चिवट निघते. गाण्याचं नाव, मालकीचा पुरावा, थेट लिंक आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणण्याची हमी, असं सगळं लिहून पाठवते. कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ मग तुम्हाला ३६ तास देतो. शनिवारी मिरवणूक, रविवारी झोप. संपले ३६ तास. वास्तविक गाणं वेळेत उतरवलं आणि २१ दिवसांत आदेश आला नाही, तर ते पुन्हा चढवता येतं. पण नियम वाचतो कोण बे?

चोरीची गाणी अडवणारी चाळणी लावायचीच तर फाईलच्या हॅशवर, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून निघणाऱ्या आकड्यावर लावा. सुरुवातीचा एक सेकंद कापून त्यावर डीजेचं नाव ओरडून घेतलं की हॅश बदलतो, आणि काल काढलेलं गाणं आज नव्या नवरीसारखं उंबरठा ओलांडतं. ध्वनिठसा तपासणारी चाळणी अजिबात नको. ती गाणं ओळखते.

पुढे हात शिवशिवतात. ३२० केबीपीएसचं चार मिनिटांचं गाणं साडेनऊ एमबीचं, म्हणजे आठ जीबीच्या कार्डात आठशे. मग आपणच निवडून 'जयंती स्पेशल ८००' का देऊ नये? द्या की. मजकूर स्वतः निवडला की कलम ७९ तिथेच हात झटकतं.

अमेरिकेत लोकांना एकमेकांची गाणी फुकट उतरवू देणारं ग्रोक्स्टरही म्हणत होतं, सॉफ्टवेअर आमचं, गाणी लोकांची. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी तीन गोष्टी पाहिल्या: त्याआधीच्या तसल्याच नॅपस्टरची गिऱ्हाइकं ओढायचा खटाटोप, चाळणीचा अभाव आणि जाहिरातीवर चाललेला धंदा. तो निकाल इथे बांधील नाही, पण आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ लाही नफ्यासाठी जागा वापरू देणारा चालत नाही. 'माहीत नव्हतं, आणि शंका घ्यायला कारणही नव्हतं' हे त्याला दाखवावं लागतं.

त्याच कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, त्यामुळे पोलिसांना वॉरंटसाठी थांबावं लागत नाही. ते आले की कानावर हात ठेवून सांगा, मला काय माहीत साहेब. तेवढ्यात सात रस्त्याकडून ती रिक्षा येईल, जिच्या पाठीवर तुमचा फोटो, तुमचा नंबर आणि खाली ठळक अक्षरांत: 'गाणी विकत घेता? येडे का?'