दिवस मोजायचेच नाहीत म्हणे!

३१ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी फॅमिली ग्रुपवर मेसेज: 'अमेरिकेच्या सिनेटने ट्रम्पचं टॅरिफ उडवलं'. खाली फटाके, पेढे. अरे, पुढचं वाचा तरी! आदल्या दिवशी ५१ विरुद्ध ४७ ने हा आयातकर रद्द करायचा ठराव झाला, ट्रम्पच्याच पक्षाचे चार रिपब्लिकन फुटले, सगळं खरं. पण खालच्या सभागृहात तो तेव्हा येणारच नव्हता. कायद्याने असा ठराव ठराविक दिवसांत मतदानाला घ्यावा लागतो ना? तिथल्या ट्रम्पवाल्यांनी मार्चपासून नियमच करून ठेवले होते, की यासाठी हे दिवस दिवस म्हणून धरायचेच नाहीत. सप्टेंबरमध्ये ही न मोजण्याची मुदत थेट जानेवारी २०२६ अखेरपर्यंत नेली. बसा बोंबलत.

माझा मावसभाऊ सोलापुरात टॉवेल करतो. ऑगस्टअखेर भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लागलं आणि तिकडच्या गिऱ्हाइकाने तयार माल थांबवला. प्रत्येक टॉवेलच्या कडेला त्या गिऱ्हाइकाचं लेबल शिवलेलं. इथे विकायचा तर ते उसवायला हवं, आणि ओढून काढलं तर धागा निघतो. बायका बसवल्यात उसवायला. त्याचे दिवस मात्र बँक बरोबर मोजते, व्याजासकट.

अडचणीच्या खासदाराला राष्ट्राध्यक्षाची माणसं कशी गुंडाळतात ते बघा. एप्रिलमध्ये त्यांच्याच पक्षाचे सिनेटर थॉम टिलिस यांनी ट्रम्पचे व्यापार प्रतिनिधी ग्रीअरना समितीपुढे विचारलं, हे टॅरिफ फसलं तर गळा कुणाचा धरायचा? सरळ प्रश्न. दुसऱ्या दिवशी ग्रीअर दुसऱ्या समितीपुढे टॅरिफची बाजू मांडत होते, आणि तेवढ्यात ट्रम्पने बहुतेक देशांवरची वाढ ९० दिवस थांबवून टाकली. धरा आता गळा!

त्या आठवड्यात मंगळवारी तर उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स स्वतः रिपब्लिकन सिनेटरांच्या जेवणाला गेले. वाटाघाटीतलं हत्यार काढून घेऊ नका, म्हणाले. त्याच दिवशी ब्राझीलवरचं टॅरिफ रद्द करायच्या ठरावावर पाच जण फुटले, टिलिससकट. पॉल, मॅककॉनेल, कॉलिन्स, मर्कोव्स्की या चौघांना ट्रम्पने एप्रिलमध्येच नावं घेऊन झोडपलं होतं. गुरुवारच्या ठरावावर पुन्हा तेच चौघे. दम देऊन झाला, गोड बोलून झालं, माणूस वळत नाही. मग काय, कॅलेंडरच बंद!

हो, आपल्याकडे व्यापार करारावर संसदेत मतदान होतच नाही, माहितेय. तिथे निदान कोण कुठल्या बाजूला उभं राहिलं ते नावानिशी नोंदलं तरी जातं.

मला त्या चौघांचं कौतुकच वाटतं, त्यांचं बाकीचं राजकारण मला अजिबात पटत नसलं तरी. पण कौतुकाने लेबलं उसवली जात नाहीत. त्याच दिवशी भावाला हे सगळं फोनवर समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "ते जानेवारीचं बघू. दिवाळीचा बोनस मी उसनवारी करून दिलाय, ते कुणाला सांगू नकोस."