व्हिप्ड क्रीम म्हणजे नुसती हवा आणि साखर? थांबा जरा

परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय. व्हिप्ड क्रीम म्हणजे नुसती हवा आणि साखर, फसलेलं डेझर्ट झाकायला वरून थापतात, 1671 मध्ये व्हातेल नावाच्या फ्रेंच माणसाने ती शोधली, आणि खरी चव हवी तर दाबून साखर घाला आणि अर्धा तास फेटा. इतक्या कमी जागेत इतकं चुकायला पण टॅलेंट लागतं.

हवा असते, ते खरंय. फेटल्यावर क्रीम साधारण दुप्पट होते ती हवेनेच. पण ती हवा धरून ठेवतं फॅट, गार क्रीममधले फॅटचे बारीक कण फेटताना एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि बुडबुड्यांभोवती जाळं धरतात, म्हणून निदान 30 टक्के फॅट लागतं आणि म्हणूनच साधं दूध कितीही फेटलं तरी फेस येतो आणि बसतो.

अर्धा तास फेटा म्हणणाऱ्याने बीटर हातात धरलेला नाहीये. 200 मिली गार क्रीम बीटरने काही मिनिटांत होते, आधी रेघा उमटायला लागतात, मग बीटर उचलला की टोक उभं राहून जरासं वाकतं, तिथे थांबायचं. मी एकदा फोनवर बोलत बोलत फेटत राहिले, क्रीम आधी खरबरीत झाली, मग पिवळसर, आणि मग भांड्याच्या तळाला पाणी सुटलं. झालं, लोणी! व्हॅनिलाच्या वासाचं गोड लोणी, टोस्टला लावून संपवलं 😅

व्हातेलचं म्हणाल तर तो मेजवान्यांची व्यवस्था बघायचा, आणि 1671 मध्ये फ्रान्समधल्या शांतिलीच्या राजवाड्यात वारला, एवढं साल बरोबर, राजाच्या मेजवानीला मासे वेळेवर आले नाहीत म्हणून त्याने जीव दिला. पण फेटलेल्या गोड क्रीमच्या पाककृती इटलीत त्याच्या आधी शंभर वर्षं, 16व्या शतकातच लिहिलेल्या सापडतात. गोड फेटलेल्या क्रीमला ‘शांतिली क्रीम’ म्हणतात खरं, पण ते नाव चिकटलं त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आता झाकायचा मुद्दा, याचाच मला जास्त राग येतो. कडू डार्क चॉकलेटचा टार्ट नुसता खा, तिसऱ्या घासाला जीभ थकते. शेजारी चमचाभर क्रीम असली की फॅट जिभेवर पसरतं, कडूपणाची धार बोथट होते आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. लिंबाच्या टार्टला पण तेच, आंबट स्ट्रॉबेरीला पण तेच. व्हॅनिलाचा वास फॅटमध्ये छान मुरतो तो बोनस. म्हणजे क्रीमने डेझर्ट गोड करायचंच नसतं, म्हणून साखर बेताची, 200 मिलीला 20 ग्रॅमच्या आसपास, त्यापुढे गेलं की क्रीमच डेझर्ट होऊन बसते आणि खालचं सगळं मुकं. पाव्हलोव्हाला, म्हणजे मेरँगवर क्रीम आणि फळं रचलेल्या डेझर्टला, तर मी क्रीममध्ये साखर घालतच नाही कारण खालचं मेरँग म्हणजे फेटून भाजलेला अंड्याचा पांढरा बलक आणि ढीगभर साखर, अजून किती गोड करणार?

फॉरवर्डमधलं नुसती साखरवालं वाक्य थोडंफार लागू पडतं ते वनस्पती तेलाच्या तयार टॉपिंगला. ते उकाड्यात क्रीमपेक्षा जास्त वेळ तग धरतं, उंच केकला सोयीचं पडतं, पण त्यात साखर बहुतेक वेळा आधीच असते आणि लोक पाकिटाची मागची बाजू न वाचता वरून अजून तीन चमचे टाकतात.