‘परत तापवायला जास्त लागतं’ वाला फॉरवर्ड आता पुरे

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी स्टुडंट ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. थोडक्यात मजकूर असा की नाताळ ते न्यू इयर युनिव्हर्सिटी बंद असताना हीट कमी करा, प्लग काढा, फ्यूम हूडच्या (लॅबमधले घातक वायू ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाच्या) काचा खाली करा असे जे ईमेल येतात ते सगळं नाटक आहे. थंड पडलेली बिल्डिंग परत तापवायला वाचवली त्याहून जास्त एनर्जी जाते, पाइप फुटतात, कॅम्पसला वाफ पुरवणारा स्टीम प्लांट तसाही चालूच असतो, रिकाम्या कॅम्पसवर वापर आपोआप शून्यावर येतो आणि कॉम्प्युटर-फ्रिज बंद ठेवले की बिघडतात. शिकलेली माणसं, त्यात मेकॅनिकलवाले पण, हे पुढे ढकलतात म्हणून एकेक मुद्दा घेतो.

परत तापवायला जास्त लागतं, हा सगळ्यात लाडका मुद्दा आणि सगळ्यात चुकीचा. भिंती-खिडक्यांतून किती उष्णता बाहेर जाणार हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर उणे ५ सेल्सिअस आहे आणि आत २१ ठेवलंय, म्हणजे फरक २६ चा. तेच आत १३ वर आणलं तर फरक १८, म्हणजे गळती जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी, आणि ती रोज, चोवीस तास. आता परत तापवायचा खर्च बघा. सुट्टीच्या पहिल्या दिवशी बिल्डिंग हळूहळू थंड होत असते तेव्हा भिंती-फर्निचरमध्ये साठलेली उष्णता खर्च होत असते, तेवढा वेळ बॉयलरला काम कमी. शेवटच्या दिवशी तेवढीच उष्णता परत भरायची. हा हिशोब तिथेच फिटला, मधले जे सात-आठ दिवस ती थंडच बसली होती ती निव्वळ बचत. घरी रात्रभर चहाचं आधण मंद आचेवर ठेवून ‘सकाळी परत उकळायला गॅस जास्त जाईल’ असं आई कधी म्हणाली का? अमेरिकेचं ऊर्जा खातंच सांगतं की थर्मोस्टॅट रोज ८ तास ७ ते १० फॅरनहाइटने खाली ठेवला तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते, आणि हे तर नुसतं ८ तासांचं. एक अपवाद मात्र खरा आहे, तुमच्या अपार्टमेंटला साधा हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत ओढणारं यंत्र) असेल तर एकदम वर ढकलताना त्याची इलेक्ट्रिक कॉइल चालू होते आणि ती वीज खाते, तिथे परत आल्यावर हळूहळू वाढवा. पण फॉरवर्डवाल्याला हा अपवाद माहीत असावा असं त्याच्या भाषेवरून वाटत नाही.

पाइप फुटतात, हे अर्धं खरं. हीट पूर्ण बंद केली तर फुटतीलच, पण बंद करा असं सांगतंय कोण? घर सोडून जाताना ५५ फॅरनहाइटच्या खाली ठेवू नका असं अमेरिकन रेड क्रॉस सांगतं, म्हणजे साधारण १३ सेल्सिअस, वरच्या हिशोबात मी तोच आकडा धरलाय. खिडकी नीट लावलेली नसणं हे जास्त डेंजर, रेडिएटरच्या मागे फट राहिली की खोलीचा सेन्सर १३ दाखवत असतो आणि कोपऱ्यातला पाइप गोठलेला असतो. त्यामुळे निघताना थर्मोस्टॅटच्या आधी खिडकीचा खटका बघा.

स्टीम प्लांट चालूच असतो ना! हो, असतो. इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसचा अ‍ॅबट प्लांट घ्या, तो वाफ आणि वीज दोन्ही बनवतो, सुट्टीतही चालतो. पण वाफेची मागणी कमी झाली की बॉयलरमध्ये जळणही कमी जातं, मोटार आयडलवर उभी नसते ती. जमिनीखालच्या पाइपांतून जी उष्णता वाया जाते ती बिल्डिंगा रिकाम्या असल्या तरी जवळपास तेवढीच जाते हे कबूल, म्हणून बचत वाटते तेवढी सरळ प्रमाणात येत नाही. कमी येते, शून्य येत नाही.

आणि सुट्टीत तशीही मागणी नसते, ग्रिडला काय फरक पडतो, हे म्हणणाऱ्यांनी डिसेंबर २०२२ आठवावा. एलियट नावाचं हिमवादळ आलं तेव्हा टेनेसी आणि आसपास वीज पुरवणाऱ्या सरकारी टेनेसी व्हॅली अथॉरिटीला २३ आणि २४ डिसेंबरला, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा, आळीपाळीने वीज तोडावी लागली. ऐन नाताळात.

आता खरा माल. रिकाम्या कॅम्पसवर वापर आपोआप खाली येतो हे हॉस्टेलला थोडंफार लागू पडतं, लॅबला अजिबात नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माणूस नसतो पण फ्यूम हूड हवा ओढतच असतो, आणि ओढलेली प्रत्येक घनफूट हवा बाहेर फेकली जाते, तिच्या जागी बाहेरची गोठलेली हवा आत घेऊन तापवावी लागते. लॉरेन्स बर्कली लॅबच्या लोकांचा अंदाज आहे की एक हूड साधारण साडेतीन अमेरिकन घरांएवढी एनर्जी खातो. एक हूड! आणि एकेका मजल्यावर किती असतात ते मोजा. नवीन हूडमध्ये काच खाली केली की पंख्याचा प्रवाह आपोआप कमी होतो, शेजारच्या डिस्प्लेवरच कळतं. हार्वर्डने तर काच बंद ठेवायची स्पर्धाच लावली होती. जुन्या कॉन्स्टंट फ्लोवाल्या, म्हणजे प्रवाह कायम तेवढाच ठेवणाऱ्या हूडमध्ये काच पाडून एनर्जी वाचत नाही, सेफ्टी म्हणून पाडायची एवढंच, तिथे फॅसिलिटीजवाल्यांना सांगून प्रवाह कमी करता येतो का ते विचारावं लागतं, परस्पर स्विच पाडायचा नाही. तसंच सॅम्पल ठेवायचे उणे ८० सेल्सिअसचे फ्रीझर, त्यांना हात लावू नका रे बाबांनो, कुणाची पाच वर्षांची पीएचडी आत असते. ते उणे ७० वर चालवून वीज वाचवता येते, बोल्डरच्या कोलोरॅडो युनिव्हर्सिटीने हे बरंच पुढे रेटलंय, पण तो निर्णय पीआयचा, म्हणजे लॅबच्या प्रमुख प्राध्यापकाचा. प्राण्यांच्या खोल्या, ग्रीनहाउस, जुनी कागदपत्रं, हे पण सोडून द्यायचं, आणि त्या ईमेलमध्ये हे सोडलेलंच असतं, पूर्ण वाचला तर दिसतं.

कॉम्प्युटर बंद करून बिघडत नाही. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, उलट स्क्रीन चालू राहते. रात्रंदिवस जॉब चालणारं मशीन सोडा, बाकी नीट शटडाउन मारा आणि मॉनिटर-प्रिंटरची पट्टी भिंतीवरून बंद करा.

फ्रिज बंद करून बिघडतो म्हणतात त्यांनी बहुतेक दार लावून ठेवलेलं असतं. प्लग काढायचा, बर्फ वितळू द्यायचा, खाली जुना टॉवेल टाकायचा आणि दारात वही-बिही अडकवून ते उघडं ठेवायचं, नाहीतर काळी बुरशी धरते आणि मग दोष प्लगला. दही आणि उरलेली भाजी निघायच्या आदल्या दिवशी रूममेटला द्या, लोणच्याची बरणी बाहेरही टिकते.