‘राजीखुशीने देताय ना?’

सकाळी साडेदहापासून दीडपर्यंत दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात बसून आत्ता घरी आलेय. मोठ्या मावशीचं हक्कसोडपत्र होतं, म्हणजे माहेरच्या जमिनीतला वाटा भावाला सोडल्याचा दस्त. मी साक्षीदार. जेवण झाकून ठेवलंय आणि आधी हे लिहितेय, कारण जेवले तर राग उतरेल आणि मला तो उतरवायचा नाहीये.

मावशीचं वय ७१. कॉम्प्युटरवाल्या मुलाने तिचा अंगठा मशीनवर ठेवला. उमटेना. ‘आजी, पदराला पुसा.’ पुसला. उमटेना. दुसरं बोट, तिसरं बोट. पन्नास वर्षं भांडी घासून, शेण काढून, तांदूळ निवडून बोटांवरच्या रेषाच गेल्यात, मशीनला काय दिसणार? पाचव्यांदा कसाबसा उमटला. मग कॅमेऱ्यात बघा. मग साहेबांनी मान वर न करता विचारलं, ‘राजीखुशीने देताय ना?’ मावशी हसली. म्हणाली, ‘हो तर. भावालाच देतेय.’

पाचशे रुपयांचा मुद्रांक. विनामोबदला. बाहेर आल्यावर मामाने गाडीतून पिशवी काढून तिच्या हातात दिली. साडी. मुद्रांकापेक्षा महाग होती, एवढं मान्य करते.

आता जमिनीबद्दल. आजोबा १९९० साली गेले. सातबाऱ्यावर मालकांच्या रकान्यात दोन्ही मामा लागले आणि बहिणी ‘इतर हक्कात’. इतर हक्क! त्याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, विहिरीच्या पाण्याचा वाटा असतो, आणि बहिणी असतात. पस्तीस वर्षं कुणाला त्या आठवल्या नाहीत. आता मुंबईची पार्टी आलीय, प्लॉट पाडायचेत, तिच्या वकिलाने सांगितलं की ही नावं आधी काढा. तेव्हा बहीण आठवली. आईने १९९९ सालीच सही करून टाकली होती, आणि ती आता नाही, त्यामुळे तिच्यावर चिडताही येत नाही.

आजोळी मे महिन्यात आम्ही सगळी मिळून अकरा पोरं. दुपारी आजी विळी घेऊन बसायची, बाजूला आंब्यांची पाटी. एका आंब्याच्या दोन फोडी आणि एक बाठा. फोडी मुलग्यांना, बाठे मुलींना. असा नियम कुणी केला नव्हता, आजीचा हात तसाच चालायचा. आणि सगळ्यांत मोठ्याने ‘मला बाठाच आवडतो गो’ म्हणायची ती हीच मावशी. तेव्हा तिशीतली, माहेरपणाला आलेली, कोपरापर्यंत रस ओघळलेला. तिचं बघून आम्हीही म्हणायला लागलो. मी तर शाळेत निबंधात लिहिलं होतं की माझा आवडता खाऊ बाठा. बाईंनी लाल पेनाने उद्गारचिन्ह काढलं होतं.

तर ‘राजीखुशीने’.

कायद्याचं म्हणाल तर कायदा धडपडत का होईना, आला. बायकांना वारसाहक्क देणारं हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, इतक्या आधीपासूनचं हे भांडण आहे. १९५६ चा वारसा कायदा आला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हक्क मुलग्यांपुरताच राहिला. १९९४ साली महाराष्ट्राने तो मुलींना दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. (आपण यावर कॉलर ताठ करतो.) पण अट अशी की कायदा येण्याआधी लग्न झालेलं नसावं. म्हणजे आमच्याच घरात बघा, मोठी मावशी १९७८ ला लग्न होऊन गेली, तिला हा जन्माचा हक्क नाही. धाकटीचं लग्न १९९६ चं, तिला आहे. एकाच आईच्या दोन मुली, एकाच विळीसमोर बसलेल्या. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद काढला, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. ७१ वर्षांच्या बाईला कागदावर हा हक्क पक्का होऊन पाच-सहा वर्षं होतात न होतात, तोवर आज तिने तो सोडला. अंगठा उमटत नसताना.

येताना बसमध्ये मला सारखी द्रौपदी आठवत होती. आपण वस्त्रहरणाचं चित्र घेऊन बसतो, पण तिने सभेला विचारलेला प्रश्न एखाद्या वकिलाला शोभेल असा आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? आधी स्वतःला हरला असेल तर तो दास झाला, मग दासाजवळ पणाला लावायला उरलंच काय? जे आपलं नाही ते देता येत नाही, इतका साधा मुद्दा. भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, मला सांगता येत नाही. मोठ्या माणसांचं हे बरं असतं. कौरवांतला एकटा विकर्ण उठून बोलला, त्याला कर्णाने गप्प केलं.

तोच मुद्दा उलटा करून बघा. जे कधी हातातच दिलं नाही, ते सोडता कसं येईल? मावशीच्या हातात एकदा तिचा वाटा ठेवा. सातबारा तिच्या नावाने काढा, चावडीत तिला ‘मालक’ म्हणा, आणि मग ती म्हणाली ‘घे रे बाबा, मला नको’, तर मी स्वतः पेढे वाटीन. आधी फोड तरी समोर ठेवा ना. मग बाठा आवडतो का ते विचारा.

हो, माहितीय कमेंटमध्ये काय येणार. मामाने आजीचं केलं. केलंच. चार वर्षं ती अंथरुणावर होती, कुठल्याही बहिणीला महिनाभराच्या वर राहता आलं नाही, हे खरं आहे. पण खरं तर केलं मामीने. भांडं तिने दिलं, पाठीच्या जखमा तिने धुतल्या. मग मामीचं नाव सातबाऱ्यावर कुठे आहे? कष्टाचा हिशोबच करायचा तर तो तरी पुरता करा.

‘मुलीच्या लग्नात खर्च केला होता’ हे ज्यांना लिहायचंय त्यांनी कृपया लिहू नये. १९७८ सालची चार भांडी आणि एक ट्रंक.

आणि आता खरं सांगते, टाइप करता करता राग जरा दुसरीकडेच वळलाय. भीष्मांवर मी तोंडसुख घेतलं, पण मी काय केलं? साहेबांनी विचारलं तेव्हा मी मावशीच्या शेजारी उभी होते. बोलले नाही. काल रात्री फोनवर एकदाच म्हणाले होते, ‘मावशी, विचार कर.’ ती म्हणाली, ‘अगो, भावाचं दार एकदा बंद झालं की मी मे महिन्यात जाऊ कुठे?’ याला उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. कायद्याकडेही नाही. कोर्ट वाटा काढून देईल, पण ओटीवरची जागा कोण देणार? मामाही वाईट माणूस नाही हो. लहानपणी बैलगाडीत मला पुढे बसवणारा तोच. परतताना त्याने मला दोन डझन आंबे दिले, आणि मी ते घेतले.

दस्ताच्या शेवटच्या पानावर साक्षीदार क्रमांक दोन म्हणून माझी सही आहे. चांगली वळणदार.

हे लिहीत असतानाच मावशीचा फोन आला. साडीचा रंग तिला पसंत नाही, फार भडक आहे म्हणे. दुकानात बदलून मिळेल का, विचारत होती. पावती मामाकडे आहे. त्याच्याकडे मागायला तिला संकोच वाटतोय, तर तूच माग, म्हणाली.