पासवर्ड दिला म्हणजे मोकळं रान दिलं का?

गाडीच्या नंबरवरून मालकाचं नाव-पत्ता काढायचा अधिकार पोलिसांना असतो आणि असायलाच हवा. नाहीतर कुणाला उडवून पळालेली गाडी कशी सापडणार? पण तोच पोलीस, त्याच पासवर्डने, खासगी कामासाठी कुणाचा पत्ता काढतो, तेव्हा काय?

अमेरिकेत जॉर्जियातल्या व्हॅन ब्युरन या पोलीस सार्जंटने सुमारे पाच हजार डॉलर घेऊन एका बाईच्या गाडीचा नंबर पोलिसांच्या संगणकात टाकला. हा सापळा एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेचाच होता. १९८६ च्या संगणक गैरवापर कायद्याखाली त्याला १८ महिन्यांची शिक्षाही झाली. पण जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की हा त्या कायद्याखालचा गुन्हाच नव्हे. ती माहिती बघायची त्याला मुभा होती. कशासाठी बघितली, हे तो कायदा विचारत नाही.

बहुमतातल्या न्यायाधीशांची भीती मला समजते. हेतूवर बोट ठेवलं, तर ऑफिसच्या संगणकावर घरची ईमेल लिहिणाराही गुन्हेगार ठरेल. पण विरोधी मतातला दाखला माझ्या डोक्यातून जात नाही: गाडी लावायला किल्ली दिली, म्हणून ती घेऊन भटकायची परवानगी मिळत नाही.

ब्रिटनमध्ये १९९७ सालच्या एका निकालात हेच घडलं होतं. पोलीस दांपत्याने ऑपरेटरकरवी राष्ट्रीय पोलीस संगणकातून दोन गाड्यांची माहिती काढवून घेतली, तीही घरगुती कारणासाठी. तिथल्या १९९० च्या संगणक गैरवापर कायद्याखाली दोघंही सुटले.

मी स्वतः डेटाबेस सांभाळतो. आमच्याकडे प्रत्येक शोधाची ओळ उमटते: कोणी, किती वाजता, काय शोधलं. शेजारी 'कारण' असा एक रकाना असतो आणि त्यात ओळीमागून ओळ एकच शब्द, 'चौकशी'. कसली, कुणाची, काही नाही. कुणी तक्रार केल्याशिवाय त्या ओळी कोणी उघडूनही बघत नाही. आणि तक्रार करणार कोण? जिचा पत्ता काढला, तिला पत्ताच नसतो!

म्हणून मला वाटतं, पोलिसांच्या नोंदी आणि ऑफिसची ईमेल यांना एकाच कलमात कोंबूच नये. पोलिसांकडची माहिती आपण आपखुशीने दिलेली नसते, ती कायद्याने घेतलेली असते. तिचा खासगी वापर हा स्वतंत्र, स्पष्ट शब्दांतला गुन्हा हवा. खातेनिहाय चौकशीवर भागवू नये. 'कारण' या रकान्यात गुन्हा क्रमांक टाकल्याशिवाय, किंवा तातडीच्या वेळी काय घडलं ते लिहिल्याशिवाय, शोध पुढे सरकूच नये. आणि गैरवापर उघडकीला आला, की ज्याची माहिती काढली त्याला लेखी कळवलंच पाहिजे. घराचं कुलूप बदलायचं की घरच, हे ठरवायला त्याला वेळ तर मिळेल.