फ्लोमीटर "कुठंही बसवा" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

एमआयडीसीच्या आणि पाणीपुरवठा संस्थांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय: डिजिटल मॅग्नेटिक फ्लोमीटर (पाइपातून किती लिक्विड गेलं ते चुंबकाच्या जोरावर मोजणारा मीटर) लाइनीत कुठंही बसवा, साइज मोठीच घ्या, सगळ्या लिक्विडला चालतो, अर्थिंगचा खर्च वाचवा, आणि रीडिंग चुकलं की मीटर खराब समजा. वाचायला सोपं आहे म्हणून लोक पुढं ढकलतायत, पण यातली एकही गोष्ट धड नाही.

"कुठंही बसवा." अजिबात नाही. बेंडमधून, पंपातून पाणी बाहेर पडतं ते घुसळत पडतं, आणि मीटरला ते सरळ आलेलं लागतं. मॅग्नेटिकला साधारण आधी 5 डाया (म्हणजे पाइपच्या व्यासाच्या पाचपट) आणि नंतर 2-3 डाया सरळ पाइप ठेवा, म्हणजे 100 मिमीच्या लाइनीत आधी निदान अर्धा मीटर. आत पंखा फिरणाऱ्या टर्बाइन मीटरला आधी 10 आणि नंतर 5 लागतात. फ्लो कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह मीटरच्या पुढं, आधी नको.

पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाइप पूर्ण न भरल्यानं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्रीच्या कूलिंग टॉवरची रिटर्न लाइन घ्या, पाणी उतारानं खाली येतं, पाइप अर्धा रिकामा, आणि मीटर बिचारा वेग मोजून पूर्ण पाइपच्या क्षेत्रफळानं गुणतो, मग आकडा फुगणार नाही तर काय होणार? इलेक्ट्रोड (मीटरच्या आत पाण्याला टेकून सिग्नल घेणारं धातूचं टोक) उघडा पडला तर रीडिंग नुसतं नाचत बसतं. मीटर खालून वर जाणाऱ्या उभ्या पाइपात बसवा, नाहीतर लाइनीला खाली यू देऊन त्याच्या तळाच्या आडव्या भागात. आडव्या लाइनीत इलेक्ट्रोड डाव्या-उजव्या बाजूला आले पाहिजेत, वर आले तर हवेचा बुडबुडा अडकतो, खाली आले तर गाळ बसतो, आणि पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी किती गढूळ येतं ते काय सांगायला पाहिजे का!

"मोठी साइज घ्या." तासाला 30 क्युबिक मीटर पाणी 100 मिमीतून गेलं तर वेग सेकंदाला साधारण 1 मीटर, झकास. तेच 200 मिमीत घातलं की वेग 0.27 वर येतो आणि अचूकता घसरते. मीटर फ्लो बघून घ्यायचा, पाइप बघून नाही. गरज पडली तर रिड्युसर, म्हणजे मोठा पाइप लहान करणारा जोड, लावा.

"सगळ्या लिक्विडला चालतो." लिक्विडमधून वीज वाहिली तरच हा मीटर चालतो. उसाच्या रसाला चालतो, डिझेलला आणि हायड्रॉलिक ऑइलला नाही, बॉयलरच्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यालाही बहुतेक वेळा नाही. साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) घट्ट, त्यात हवा मिसळलेली, तिथं वजनानं मोजणाऱ्या मास फ्लोमीटरचा विचार करा.

अर्थिंग तर वाचवूच नका! सिग्नल मिलिव्होल्टमधला असतो, शेजारी इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी) चालू असली तर विचारूच नका. पीव्हीसी किंवा एचडीपीई लाइन असेल तर अर्थिंग रिंग (पाण्याला टेकणारी धातूची कडी) पाहिजेच. आणि मीटर लाइनीत ठेवून फ्लँजला वेल्डिंग मारू नका, मीटरच्या आतलं अस्तर, म्हणजे लायनर, जळतो.

राहिलं "मीटर खराब". आधी पाइप भरलेला ठेवून व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि झिरो येतो का बघा. मग टाकी भरून ताडा, 2 बाय 2 मीटरच्या टाकीत पातळी 1 मीटर चढली म्हणजे 4000 लिटर. तेवढ्या वेळात मीटरनं किती दाखवलं ते लिहून ठेवा, आणि मगच सप्लायरला फोन लावा.