ट्रायफल नाही, भांडणच खरं!

लेखात म्हटलंय की फ्रेंड्स या अमेरिकन मालिकेच्या १९९९च्या थँक्सगिव्हिंग (तिकडचा सण) एपिसोडमधलं रॉस-मोनिका या भावाबहिणीचं भांडण म्हणजे नुसता आरडाओरडा, खरी मजा त्यांच्या मैत्रिणीच्या, रेचेलच्या बीफ घातलेल्या ट्रायफलची (केक-क्रीमच्या थरांचा गोड पदार्थ). अजिबात पटलं नाही. ज्याच्या घरी भावंड आहे त्याला विचारा! घरचा झोपाळा वादळाने नाही मोनिकाने मोडला, रॉसची म्युझियमची नोकरी वर्षापूर्वीच गेलीय, सगळं आईबापासमोर एका दमात बाहेर.. एवढं खरं दुसरं काहीच नाही त्यात.

आमच्याकडे सांगलीला गेल्या भाऊबीजेला सेम झालं. आईचं चालूच, दादा किती शहाणा, दादाने कधी त्रास दिला नाही, मग माझी सटकली आणि मी सांगून टाकलं की बारावीला क्लासच्या नावाखाली हा कृष्णेच्या घाटावर भडंग खात बसायचा, तर त्याने लगेच माझा स्कूटी पाडल्याचा किस्सा काढला (कुत्रं आडवं आलं म्हणून सांगितलेलं, कुत्रं नव्हतंच 😄). ओवाळणीचं ताट तसंच राहिलं. आणि मोनिकाच्या आईचं रॉस-रॉस करणं, त्याबद्दल लेखात एक ओळ नाही? भांडणाचं मूळ तेच तर आहे ना राव.